सतत १ जी त्वरण दिलं तर यान प्रकाशवेग का ओलांडत नाही?

माळरान (सोमवार, रात्री १०:४०)

मंडळी, एक हिशेब डोक्यात घोळतोय. यानाला सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद एवढं त्वरण (म्हणजेच १ जी, पृथ्वीच्या ओढीएवढं) सतत द्यायचं. आतल्या माणसाला घरात उभं राहिल्यासारखंच वाटणार, त्रास काही नाही. वर्षात साधारण ३ कोटी १५ लाख सेकंद. गुणाकार केला की वर्षअखेरीचा वेग सेकंदाला ३ लाख ९ हजार किमी येतो. प्रकाशाचा वेग २,९९,७९२ किमी. म्हणजे साधारण ३५४व्या दिवशी आपण प्रकाशाला गाठलं!

असं होत नाही हे ठाऊक आहे. 'वस्तुमान वाढत जातं म्हणून' हे उत्तर कॉलेजात ऐकलंय, पण ते काही पचत नाही. वस्तुमान वाढतं तर आत बसलेल्याला ते कळायला नको का? इंजिनाला नक्की कोण अडवतं? ३५३व्या दिवशी यानात काय बदलतं? सूत्रं द्या हवी तर, पण आधी साध्या मराठीत सांगा.

खारे_शेंगदाणे (सोमवार, रात्री १०:५२)

एवढा वेग मिळाला तरी चांदणी चौकात अडकणारच. (हलकेच घ्या.) वाचतोय, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

वेधशाळा (सोमवार, रात्री ११:३५)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: ३५३व्या दिवशी यानात काहीही बदलत नाही. ५,०००व्या दिवशीही नाही. वजनकाट्यावर तेच वजन, इंजिनाचा तोच आवाज, तेच १ जी. इंजिनाला कोणी अडवत नाही.

गडबड बेरजेत आहे. प्रत्येक सेकंदाला यानाचा वेग ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढतो हे खरं, पण कोणाच्या मानाने? एक सेकंदापूर्वी जे यान होतं, त्याच्या मानाने. या छोट्या वाढी पृथ्वीवरून बघणारा जेव्हा एकत्र करतो, तेव्हा त्या सरळ मिळवता येत नाहीत. आइन्स्टाइनचा १९०५ सालचा नियम असा: दोन वेगांची बेरीज करायची आणि तिला 'एक अधिक त्या वेगांचा गुणाकार' याने भागायचं (वेग प्रकाशवेगाच्या पटीत धरून). छोट्या वेगांना हा भाजक १ च्या इतका जवळ असतो की एसटीत, विमानात, अगदी चंद्रावर जातानाही तो लक्षात येत नाही.

करून बघा. यान ०.९ वर आहे. आतून मोजलं तर त्याने आणखी ०.१ एवढा वेग कमावला. तुमच्या हिशेबाने झाला १. खरा हिशेब: १ भागिले १.०९, म्हणजे ०.९१७. पुन्हा ०.१ कमावला, ०.९३२. पुन्हा करा, आणखी थोडा पुढे. हा खेळ जन्मभर चालू ठेवा, १ काही येत नाही.

सतत १ जी ठेवलं तर आकडे असे येतात. यानातलं एक वर्ष झालं की वेग ०.७७, तेवढ्यात पृथ्वीवर एक वर्ष आणि दोनेक महिने गेलेले. यानातली दोन वर्षं: ०.९७, पृथ्वीवर पावणेचार वर्षं. यानातली पाच वर्षं: ०.९९९९३, पृथ्वीवर ८४ वर्षं. पृथ्वीवरून पाहणाऱ्याला त्वरण घटत गेलेलं दिसतं. वेग ०.९९ असतो तेव्हा त्याच्या मोजमापाने यानाचा वेग सेकंदाला जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर प्रति सेकंद वाढतोय, आणि आतला मात्र पूर्ण १ जी अनुभवतोय.

'वस्तुमान वाढतं' ही मांडणी जुन्या पुस्तकांतून आपल्या अभ्यासक्रमात राहून गेली आहे. खुद्द आइन्स्टाइनने १९४८ साली लिंकन बार्नेटला लिहिलेल्या पत्रात ही कल्पना न वापरलेली बरी, असं म्हटलं आहे. वाढतात ती ऊर्जा आणि संवेग (मोमेंटम). यानाचं स्वतःचं वस्तुमान आहे तेवढंच राहतं, म्हणून आतल्याला काही कळायचा प्रश्नच येत नाही. 'फार वेगाने गेलं तर यानाचं कृष्णविवर होईल' ही शंका दर वर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो, तिचंही उत्तर हेच.

दूर्वा (मंगळवार, सकाळी ७:१०)

काय सुरेख समजावलंय ताई! वाचनखूण साठवली.

पण_परंतु (मंगळवार, सकाळी ९:२५)

मला हे कधीच पटलेलं नाही, स्पष्टच सांगतो. पुरावा म्हणून नेहमी त्वरणकांतले (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांतले) कण दाखवतात. तिथे कणाला कोण ढकलतं? विद्युतक्षेत्र. ते स्वतः प्रकाशवेगाने पसरतं. मग जो कण आधीच त्या वेगाच्या जवळ पोचला, त्याला ते मागून आणखी काय ढकलणार? वाऱ्याने वाऱ्यापेक्षा वेगात ढकलता येत नाही. यावरून सिद्ध काय झालं, तर ढकलणारा कमी पडला! रॉकेटला बाहेरून कोणी ढकलत नाही, ते आपलं इंधन आपल्यासोबत नेतं. त्याला हाच नियम लागू होतो हे कशावरून?

इंदूरी_पोहे (मंगळवार, दुपारी १:०५)

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर आमच्या गावात सापडतं. इथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे, १७२ मीटर घेराचं इलेक्ट्रॉनचं कडं. मी तिथे कामाला नाही, पण आतून पाहायचा योग आला होता आणि समजावणारे गृहस्थ फार मन लावून सांगत होते.

या कड्यात इलेक्ट्रॉन येतात ५५० एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेने आणि मग ऊर्जा वाढवत २,५०० एमईव्हीपर्यंत नेतात. आत येतानाच ते प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त १३० मीटरने मागे असतात. पूर्ण ऊर्जेला पोचल्यावर ६ मीटरने. म्हणजे ऊर्जा साडेचार पट झाली आणि वेगात कमाई झाली सेकंदाला सव्वाशे मीटरची, तीही सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर वेग आधीच असताना.

आता गंमत बघा. इलेक्ट्रॉनला दर फेरीत धक्का देणाऱ्या रेडिओ लहरींची वारंवारता ५०५.८ मेगाहर्ट्झ. ती ऊर्जा चढवताना व्यवहारात तीच राहते, कारण फेरी मारायला लागणारा वेळच बदलत नाही, सेकंदाला साडेसतरा लाखांच्या आसपास फेऱ्या. पण इलेक्ट्रॉनला गोल वळवणाऱ्या चुंबकांची ताकद मात्र साडेचार पट वाढवावीच लागते. नाही वाढवली तर कण वळणावर सुटून भिंतीत जाणार.

पण_परंतु साहेब, ढकलणारा कमी पडत असता तर चुंबक वाढवायची गरज पडली नसती. ढकलणं पूर्णपणे पोचतंय, ते संवेगात जमा होतंय, फक्त वेगात दिसत नाही.

माळरान (मंगळवार, दुपारी १:४०)

क्या बात! चुंबकांचा मुद्दा एकदम पटला.

पण_परंतु (मंगळवार, दुपारी ३:१५)

चुंबकांचं गणितही त्याच सिद्धान्ताने केलेलं. सापेक्षता गृहीत धरून सापेक्षता सिद्ध करताय. ऊर्जा थेट मोजली आहे का कोणी? सूत्र न वापरता?

वेधशाळा (मंगळवार, रात्री ९:५०)

मोजली आहे, आणि नेमकी तुमचीच शंका डोळ्यांसमोर ठेवल्यासारखी. अमेरिकेत एमआयटीमध्ये विल्यम बर्टोझी यांनी केलेला प्रयोग, १९६४ साली प्रसिद्ध झाला.

मांडणी अगदी शाळकरी वाटावी अशी आहे. इलेक्ट्रॉनचे झोत ८.४ मीटर लांबीच्या नळीतून सोडायचे. सुरुवातीला एक खूण, शेवटी एक खूण, मधला वेळ ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर. अंतर भागिले वेळ, झाला वेग. यात सापेक्षता कुठे आली? काही झोतांच्या वेळी शेवटी ॲल्युमिनियमची चकती ठेवली. इलेक्ट्रॉन तिच्यात घुसून थांबतात, चकती तापते, तापमान किती चढलं ते मोजायचं. म्हणजे ऊर्जा उष्णतेतून थेट.

न्यूटनच्या हिशेबाने अर्धा एमईव्ही ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या १.४ पट यायला हवा, १५ एमईव्हीला साडेसात पटीहून जास्त. घड्याळाने दाखवलं की वेग प्रकाशवेगाशी येऊन थांबला. आणि चकतीने काय दाखवलं? विद्युतक्षेत्राने जेवढी ऊर्जा दिली म्हणून हिशेब होता तेवढीच उष्णता. ढकलणारा कमी पडला असता तर चकती कमी तापली असती.

हाच प्रकार टोकाला नेला तर सर्न या युरोपातल्या कण-संशोधन संस्थेचा २७ किमीचा बोगदा. तिथे प्रोटॉन ४५० जीईव्हीवर (१ जीईव्ही म्हणजे १,००० एमईव्ही) आत येतात तेव्हा प्रकाशापेक्षा सेकंदाला साधारण ६५० मीटर मागे, आणि ६,८०० जीईव्हीला पोचले की साधारण ३ मीटर मागे. त्याच बोगद्यात आधी, २००० सालापर्यंत, इलेक्ट्रॉन फिरवत असत. ते शेवटी शेवटी सेकंदाला जेमतेम साडेतीन मिलिमीटर मागे राहत. मुंगीसुद्धा याहून जोरात चालते.

मिसळवाला_बंड्या (मंगळवार, रात्री १०:२०)

प्रतिसाद काढून टाकला आहे.

पण_परंतु (मंगळवार, रात्री १०:३५)

चकतीचा प्रयोग माहीत नव्हता. वाचतो. रॉकेटचा मुद्दा अजून उभा आहे.

खारे_शेंगदाणे (मंगळवार, रात्री १०:४१)

तोवर मी सामान भरतो. सतत १ जी ठेवून, निम्म्या वाटेवर यान उलटं फिरवून ब्रेक मारत गेलो तर कुठे किती दिवसांत पोचेन? रजा टाकायची आहे.

वेधशाळा (बुधवार, सकाळी ८:१५)

सगळे आकडे तुमच्या मनगटावरच्या घड्याळाने, थांबण्याची सोय धरून. नरतुरंगातला मित्र हा तारा (अल्फा सेंटॉरी), ४.३७ प्रकाशवर्षं: ३ वर्षं ७ महिने (घरच्यांसाठी ६ वर्षं). अभिजित तारा, २५ प्रकाशवर्षं: साडेसहा वर्षं. आकाशगंगेचं केंद्र, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं: वीस वर्षं. देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षं: अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं. रजेच्या अर्जावर सही करणारा कार्यालयात उरलेला नसेल, एवढंच.

दूर्वा (बुधवार, सकाळी ८:४०)

थांबा थांबा. २५ प्रकाशवर्षं साडेसहा वर्षांत म्हणजे प्रकाशाच्या जवळजवळ चौपट वेग झाला की!

वेधशाळा (बुधवार, सकाळी ११:००)

अंतर पृथ्वीच्या फूटपट्टीने घेतलंत आणि वेळ यानाच्या घड्याळाने. दोन्ही एकाच ठिकाणचं घ्या. पृथ्वीवरून मोजलं तर २५ प्रकाशवर्षांना सत्तावीसच्या आसपास वर्षं लागतात. यानातून मोजलं तर भर वेगात असताना अभिजितपर्यंतचं अंतरच आकसलेलं असतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. वातावरणात साधारण १५ किमी उंचीवर वैश्विक किरणांमुळे म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड आणि अल्पायुषी कण) तयार होतात. त्यांचं आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. तरी ते जमिनीपर्यंत येतात, कारण आपल्या घड्याळाने त्यांचा काळ मंदावलेला असतो. आत्ता तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक आरपार जातोय. अशा कणांच्या क्षयावरून काळ मंदावण्याचा थेट पडताळा घेता येईल, हे होमी भाभांनी केंब्रिजला असताना १९३८ साली लिहिलं होतं. त्यांची टीआयएफआर ही मुंबईची संशोधन संस्था निघायला तेव्हा सात वर्षं अवकाश होता. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी डोंगरावर आणि खाली म्युऑन मोजून तो पडताळा घेतला. पुढे सर्नमध्ये म्युऑन कड्यात फिरवत ठेवले, तर ते २.२ ऐवजी ६४ मायक्रोसेकंद जगले.

माळरान (बुधवार, दुपारी २:३०)

म्हणजे प्रवाशासाठी मर्यादा नाहीच म्हणायची. आयुष्यभरात कुठेही पोचता येतं. मग घोडं अडलं कुठे? आणि एक उपप्रश्न: जाताना घरच्यांशी संपर्क राहील का?

वेधशाळा (बुधवार, रात्री ८:२०)

घोडं कुठे अडलं ते इथले सदस्य 'उड्डाणपूल' सांगतील, त्यांचा विषय आहे. उपप्रश्न घेते, कारण तो मला जास्त आवडतो.

यान कायम १ जीने जात राहिलं, तर निघाल्यापासून ३५४ दिवसांनी आणि त्यानंतर पृथ्वीवरून पाठवलेला कोणताही संदेश त्याला कधीच गाठत नाही. प्रकाश यानापेक्षा वेगवान आहे, तरीही. तो अंतर कमी करत राहतो, पण ते शून्य होत नाही. यानाच्या मागे साधारण ०.९७ प्रकाशवर्षावर जणू एक क्षितिज तयार होतं. त्याच्या अलीकडून पाठवलेलं उशिरा का होईना पोचतं, पलीकडचं नाही. हे ३५४ दिवस म्हणजे प्रकाशवेग भागिले ९.८, माळरान यांच्या भागाकारात आला तोच आकडा. तो प्रकाशवेग गाठण्याचा दिवस नव्हे, घरचे शेवटचे शब्द टपालात टाकण्याचा दिवस!

खारे_शेंगदाणे (बुधवार, रात्री ८:२६)

सौ.ला हा प्रतिसाद दाखवला. "इंजिन बंद केलंत की सगळे मेसेज एकदम येतील ना?" असं तिने विचारलंय.

वेधशाळा (बुधवार, रात्री ९:०५)

येतील, पण एकदम नाही. पाच वर्षं इंजिन चालवून बंद केलंत, तर पृथ्वीवरच्या एका दिवसाचं बोलणं ऐकायला यानातले सुमारे १७४ दिवस लागतील, तेही फार खोल गेलेल्या वारंवारतेवर. समोरून उलट प्रकार. सगळीकडून येणारं, विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेलं २.७ केल्विनचं पार्श्वभूमी प्रारण पुढच्या काचेवर तितक्याच पटीने तापलेलं, म्हणजे २०० अंश सेल्सियसच्या आसपास.

उड्डाणपूल (गुरुवार, सकाळी ६:४५)

हं. आता कडू डोस. सापेक्षता कोणाला अडवत नाही हे ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे, पण त्यामुळे लोक हुरळून जातात. १ जी 'सतत' हा शब्द उच्चारायला काही लागत नाही, पुरवायला लागतं.

माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे नासाचं पार्कर यान. डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना सेकंदाला १९२ किमी. तोही वेग इंजिनाने नव्हे, सूर्याच्या ओढीने आलेला. प्रकाशवेगाच्या ०.०६४ टक्के! आपण टक्क्याच्या दहाव्या भागालाही पोचलेलो नाही.

त्सिओल्कोव्स्कीचं रॉकेटचं समीकरण १९०३ सालचं. उत्तम रासायनिक इंधनाचा झोत सेकंदाला साडेचार किमीने बाहेर पडतो. त्याने प्रकाशवेगाचा दहावा भाग गाठायचा म्हटलं, तर यानाच्या प्रत्येक किलोमागे जेवढे किलो इंधन लागतं त्या आकड्यात एकावर सुमारे २,९०० शून्यं येतात. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ८० शून्यांच्या आसपास आहे. संपला विषय.

बरं, सगळ्यांत आदर्श इंजिन घ्या. इंधनाचं पूर्णच्या पूर्ण प्रकाशात रूपांतर, आणि तो सगळा सरळ मागे. याहून चांगलं इंजिन भौतिकशास्त्र देत नाही. १ जीने मित्रापर्यंत जाऊन थांबायला, उतरणाऱ्या प्रत्येक किलोमागे निघताना ४० किलो वजन. परत यायचं असेल तर ४० गुणिले ४०, म्हणजे १,६००. आकाशगंगेच्या केंद्राशी जाऊन थांबायला, प्रत्येक किलोमागे पावणेआठ लाख टन. पण_परंतु यांचं उत्तर इथेच आहे: रॉकेट आपलं इंधन घेऊन जातं ही त्याची सोय नव्हे, तेच त्याचं ओझं. हे इंधन म्हणजे निम्मं प्रतिद्रव्य (साध्या द्रव्याला भिडलं की दोन्ही नष्ट होऊन ऊर्जा देणारं). सर्नमध्ये आजवर बनलेलं सगळं प्रतिद्रव्य एकत्र करून जाळलं तर एक दिवा काही मिनिटं लागेल. शिवाय प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन भिडले की सरळ प्रकाश मिळत नाही, आधी पायॉन नावाचे अल्पायुषी कण उधळतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त विद्युतभारित.

इंजिन बाजूला ठेवा, नुसती ऊर्जा बघा. एक टनाची डबी ०.९९ वेगाला न्यायची तर ५.५ गुणिले दहाचा विसावा घात ज्यूल. सगळं जग वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरतं त्याच्या जवळपास. एका टनाला! आणि ही नुसती डबीत साठलेली ऊर्जा. इंजिनात वाया गेलेली वेगळी, थांबायची वेगळी.

धूळ राहिलीच. ०.९९ वेगात एक मायक्रोग्रॅमचा कण आडवा आला तर धडक १३० किलो टीएनटीची. डोळ्यांना जेमतेम दिसणारा कण हो. अवकाशात घनसेंटिमीटरला एक हायड्रोजनचा अणू धरला, तरी यानाच्या पुढच्या भागावर दर चौरस मीटरला सुमारे २७० किलोवॅटचा प्रोटॉनचा झोत सतत पडणार. म्हणजे यान स्वतःच त्वरणकाच्या झोतात उभं. आतल्यांचं काय होईल ते सांगायला नको.

त्यातल्या त्यात जमिनीवर पाय ठेवून केलेला हिशेब म्हणजे ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीचं डीडॅलस, १९७३ ते ७८. निघताना ५४ हजार टन, त्यात ५० हजार टन इंधन, ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-३ (हलका हेलियम). हेलियम गुरूच्या वातावरणातून उपसायचा. वेग ०.१२, बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत ५० वर्षं, माणूस नाही, आणि ब्रेकही नाही. तिथे पोचून भर वेगात पुढे निघून जायचं.

माळरान (गुरुवार, सकाळी १०:१०)

बाप रे. थांबायलाच एवढं लागतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. इंधन सोबत न्यायचंच नाही, जमिनीवरून लेसरने ढकलायचं, अशी एक योजना होती ना?

उड्डाणपूल (गुरुवार, सकाळी १०:५५)

ब्रेकथ्रू स्टारशॉट. एप्रिल २०१६ मध्ये युरी मिलनर आणि स्टीफन हॉकिंग यांनी जाहीर केली. ग्रॅमभर वजनाची चकती, काही मीटरचं पातळ शीड, जमिनीवरून १०० गिगावॅटचा लेसर, काही मिनिटांत ०.२ वेग. मित्रापर्यंत वीसेक वर्षं. कल्पना म्हणून मला आवडते, कारण इंधनाचं ओझं घरी ठेवते. पण १०० गिगावॅटचा लेसर मांडणं, एवढ्या झोतात शीड न वितळणं आणि ग्रॅमभर यंत्राने चार प्रकाशवर्षांवरून फोटो पाठवणं, यातलं एकही सुटलेलं नाही. थांबणं इथेही नाहीच.

पण_परंतु (गुरुवार, दुपारी १२:२०)

एक मिनिट. इथे तर प्रकाशच ढकलतोय. म्हणजे माझी पहिली शंका या शिडाला लागू पडते की नाही? शीड पळत सुटलं की मागून येणारा प्रकाश कमी जोराने आपटणार.

वेधशाळा (गुरुवार, दुपारी ४:३०)

लागू पडते, पूर्णपणे. आरशासारख्या शिडावरचा जोर '१ वजा वेग' भागिले '१ अधिक वेग' या प्रमाणात घटतो. ०.२ ला तो दोन तृतीयांश उरतो, ०.९५ ला अडीच टक्के. म्हणून लेसरचं शीड मध्यम वेगापर्यंत ठीक, त्यापुढे लेसर वाढवत न्यावा लागतो. फक्त लक्षात घ्या, शून्य तो १ लाच होतो, आणि ढकलणं कमी झालं तरी जेवढं पोचतं तेवढं वाया जात नाही. इंदूरच्या कड्यात असं का होत नाही? तिथे लहर मागून पाठलाग करत नाही. ती एका पोकळीत कोंडलेली असते आणि इलेक्ट्रॉन दर फेरीला तिच्यातून जातो, म्हणून धक्का दर वेळी पूर्ण मिळतो.

पण_परंतु (गुरुवार, दुपारी ४:५२)

हे आवडलं. कोंडलेल्या लहरीचं कुठे वाचायला मिळेल? मराठीत असेल तर उत्तम.

इंदूरी_पोहे (गुरुवार, सायंकाळी ६:०५)

मराठीत तयार लेख नसावा. वेळ मिळाला की इंडस-२ वर वेगळा धागा काढतो, तिथे बोलू.